सतरा नंबरचा नकाशा

मातीसाहेबांना माणसं आवडत नसत. माती तरी आवडत होती का, हाही प्रश्नच आहे. मातीतलं आपल्याला किती कळतं, हे मात्र त्यांना फार आवडायचं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण छत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि नंतरच्या सहा वर्षांच्या रिकामपणात तो फरक त्यांना कुणी सांगितला नाही. सांगणार कोण आणि कसा? त्यांच्यासमोर दुसऱ्याने तोंड उघडायची सोयच नव्हती.

त्यांची नोकरी माती सर्वेक्षण खात्यातली. काम असं की गावोगाव फिरायचं, शेतात छातीइतका खोल खड्डा घ्यायचा, त्याची एक बाजू सुरीने तासून साफ करायची, वरून टेप सोडायची आणि माती किती खोल आहे, रंग कुठे बदलतो, मुरूम कुठे लागतो हे फॉर्मवर उतरवायचं. त्यावरून ठरतं, की पावसाने दडी मारली तर ही जमीन किती दिवस तग धरेल, तिच्यात काय लावावं आणि कशाच्या वाटेला जाऊ नये. पहिला-दुसरा वर्ग मिळाला तर खुशाल बाग लावा. सहावा मिळाला तर गवतावर समाधान माना. कामाला नाव ठेवायला जागा नाही. नाव ठेवायचं ते माणसाला.

चिमूटभर ओली माती अंगठा आणि बोटामध्ये दाबून तिची फीत काढतात. फीत लांब निघाली की माती चिकण. हे खात्यातल्या कुणालाही येतं. मातीसाहेब मात्र ते समोरच्याचं माप काढायला वापरत. व्याह्यांच्या नव्या घरी पहिल्यांदा गेले, तर दारातल्या कुंडीत बोटं घालून, माती चोळून, चहा यायच्या आत जाहीर करून मोकळे झाले, "झाड जगेल हो हिच्यात. पण तुमच्या हातून नाही." व्याही हसले. मातीसाहेबांचं घर म्हणजे त्यांच्या मुलीचं सासर, हसणार नाहीत तर काय करतील? बायकोने मात्र परतीच्या वाटेवर सुनावलं, "तुम्हाला चिखल कळतो, चेहरा कळत नाही." त्यांनी ते ऐकलं नाही. ऐकायची सवय असती तर ही गोष्ट सांगायचीच वेळ आली नसती.

त्यांच्या लेखी कारकून म्हणजे कागदखाऊ. खडकांचा अभ्यास करणारे म्हणजे दगडफोडे. हल्ली संगणकावर नकाशे करणारी पोरं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारी जमात. आणि शेतकरी? शेतकऱ्याला ते सरळ ढेकूळ म्हणत, तेही त्याच्याच बांधावर उभं राहून, त्याच्याच घरचं पाणी पिऊन. "माती चांगली आहे हो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, "माणसं नालायक आहेत." हे वाक्य त्यांनी इतक्या गावांत इतक्यांदा टाकलं होतं, की पुढे पुढे लोक त्यांच्या आधीच ते म्हणून टाकत आणि साहेब खूश होत.

एवढा तोरा कशाच्या जोरावर? तर सतरा नंबरच्या नकाशाच्या.

एकतीस वर्षांपूर्वीची ही कमाई. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, प्रत्येक पायरीच्या खालच्या कडेला दगडमातीचा बांध, बांधावर एखादं झाड. त्या सगळ्या पट्ट्याला लोक माळ म्हणत आणि भरड धान्य पेरून गप्प बसत. मातीसाहेबांनी तिथे एका हंगामात एकशे बारा खड्डे घेतले. तोवर खात्यात कुणी साठाच्या वर गेलं नव्हतं. एकशे बारा खड्डे, सरासरी खोली नव्वद सेंटिमीटर, वर्ग दुसरा, फळबागेस योग्य. सतरा नंबरचं शीट हिरवंगार रंगवून आलं. खात्याने शाबासकीचं पत्र दिलं, आणि साहेबांनी पदरच्या खर्चाने नकाशाच्या प्रती काढून, चौकटीत बसवून नातलगांना वाटल्या. एक मोठ्या बहिणीकडेही गेली. ताईचं सासरच त्या उतारावर होतं. तिच्या नवऱ्याने पुढच्याच वर्षी संत्र्याची बाग लावली. माझ्या मेव्हण्याने माती बघितलीय म्हटल्यावर दुसऱ्या कुणाला विचारायचं?

तर आता, सहा वर्षं घरी बसल्यावर, खात्यातून फोन आला.

सध्याचे मोठे साहेब म्हणजे एकेकाळी मातीसाहेबांमागे मातीच्या पिशव्या वाहणारा मनुष्य. त्यांनी खुर्ची दिली, पंखा वाढवला आणि सपाट खणांच्या कपाटातून सतरा नंबर काढून टेबलाच्या काचेवर पसरला. "सर, दुष्काळात कुठल्या जमिनी आधी सुकतात त्यांचा नवा नकाशा होतोय. बाकी शीटं जुळली. एकटं सतरा नंबर जुळत नाही. तुमचा नकाशा सांगतो खोल माती, उपग्रहाची चित्रं सांगतात दरवर्षी हाच पट्टा पहिला करपतो. दुसरा वर्ग कायम राहिला तर तिथल्या लोकांना या महिन्यात फळझाडांची रोपं मिळतील. नाहीतर फेरसर्वेक्षण, म्हणजे दोन वर्षं गेली. तुमच्यासारख्या माणसाने एकदा बघून सही केली, की विषय संपला."

मोठ्या साहेबांना माती कशी आहे याच्याशी सोयरसुतक नव्हतं. विषय संपण्याशी होतं. अशी माणसं वर चढतात ती अशीच.

कोपऱ्यात नवी सर्वेक्षक बसली होती. अठ्ठावीसेक वर्षांची, उन्हाने रापलेली, नखांत माती. तिने फक्त एवढंच म्हटलं, "सर, चित्रात सगळं शीट वाळलेलं दिसतं, पण मधूनमधून हिरव्या रेघा राहतात. बारीक, समांतर. त्या कसल्या असतील?"

"मशीन बिघडलं असेल तुमचं," मातीसाहेब म्हणाले. मोठे साहेब हसले. मुलगी हसली नाही, तेव्हाच मातीसाहेबांनी ठरवून टाकलं की ही मठ्ठ आहे.

घरी पोचतात तोच भाच्याचा फोन. हा ताईचा एकुलता एक मुलगा, पस्तिशीचा. शहरातल्या पंपाच्या दुकानातली पंधरा वर्षांची नोकरी सोडून तीन महिन्यांपूर्वी गावी परतलेला, आणि परतला तोही मामाच्या नकाशाच्या भरवशावर. "मामा, सही झाली का? तीनशे रोपांसाठी नाव दिलंय. आईचं ते धान्य काढून सगळं रान मोकळं करून घेतो. नांगर परवा येतोय."

ताईचं ते धान्य म्हणजे तिचं वर्षाचं खाणं आणि सहा शेळ्यांचा चारा. नवरा गेल्यापासून ती त्यावरच उभी होती. पण भाच्याने ते "ते धान्य" म्हटलं आणि मातीसाहेबांनी "काढ, काढ" म्हटलं. दोघांचंही काही अडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मातीसाहेबांना आणि त्या सर्वेक्षक मुलीला घेऊन खात्याची जीप उतारावर पोचली. मातीसाहेबांनी हात केला आणि ड्रायव्हरने ती बांधावरच्या झाडाखाली, सावलीला लावली. "हा बघ, चव्वेचाळीस नंबर," साहेब म्हणाले. झाडापासून चार पावलांवर त्यांचा जुना खड्डा होता, आता बुजलेला. मुलीने तिथेच खणायला घेतलं. साहेब जीपच्या पायरीवर बसून कसं खणावं ते सांगत राहिले. कुदळ कशी धरावी, सुरी कुठून फिरवावी, आजकालच्या पोरांना घाम कसा येत नाही. तिला घाम पुष्कळ येत होता. त्यांनी पाहिला नाही.

खड्डा झाला, बाजू तासली, टेप सोडली. साहेब गुडघे सांभाळत खाली वाकले आणि त्यांचा चेहरा उजळला. "किती? एकशे चार! जुन्या फॉर्मवर बघ."

"एक्याण्णव," तिने फॉर्म बघून सांगितलं.

"एकतीस वर्षांत तेरा सेंटिमीटर माती वाढलीय! आणि तुमचा तो उपग्रह म्हणतो जमीन करपली. लिही. जमीन सुधारते आहे, असं लिही."

मुलीने पेन उघडलं नाही. "सर, ही तेरा सेंटिमीटर आली कुठून?"

"कुठून म्हणजे? वरून. पावसाबरोबर वाहत येते, बांधाला अडते. पहिल्या वर्षाच्या पोरालाही..." आणि साहेब अडले.

हे लक्षात ठेवायला हवं की मनुष्य मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर सोडून देता आलं असतं. त्याला माती खरोखरच कळत होती, आणि म्हणूनच त्याची चीड येते. एका वाक्याच्या अर्ध्यावर त्याला सगळं कळलं, आणि कळल्यावरही त्याने काय केलं? टेप गुंडाळली आणि म्हणाला, "चल, उशीर होतोय."

मुलगी जागची हलली नाही. तिने गिरमिट घेतलं. हे जमिनीत पिळून घालायचं लांब लोखंडी अवजार. खड्डा न घेता खोली बघता येते. ती बांधापासून वीस पावलं वर, शेताच्या मध्यावर गेली आणि पिळायला लागली. खर्र आवाज झाला आणि गिरमिट थांबलं.

"बावीस," ती म्हणाली.

"दगड लागला असेल. बाजूला घे."

"एकोणीस."

"तुझ्या हातात जोर नाही." साहेबांनी गिरमिट ओढून घेतलं आणि स्वतः पिळलं, दात-ओठ खाऊन. चोवीसवर खर्र. त्यांनी पातं वर काढलं. टोकाला पिवळा मुरूम चिकटला होता. त्यांनी तो बोटात घेतला, चोळला. फीत निघाली नाही. निघणार कुठून, ती माती नव्हतीच.

वितभर माती आणि खाली खडक. सगळ्या उतारावर, सगळ्या पायऱ्यांवर तेच असणार. फक्त प्रत्येक बांधाला लागून चार-पाच पावलांचा पट्टा खोल, कारण साऱ्या शेताची माती पिढ्यान् पिढ्या तिथे येऊन साचलेली. त्या मुलीच्या हिरव्या रेघा म्हणजे हाच पट्टा होता. आणि एकशे बाराच्या एकशे बारा खड्डे त्याच पट्ट्यातले.

कसे काय? अगदी सोपं आहे. झाड बांधावर असतं, सावली झाडाखाली असते, जेवणाचा डबा सावलीत उघडतो. शेतकरी म्हणतो, मधे पीक आहे साहेब, कडेला घ्या. कडेची माती भुसभुशीत, तासाभरात खड्डा होतो; मधे घेतला असता तर मुरूम फोडता फोडता दिवस गेला असता, मग एकशे बाराचा आकडा कुठून यायचा? त्यांनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. खोटा लिहिला असता तर कुणीतरी कधीतरी पकडलाही असता. खरे आकडे होते, म्हणून एकतीस वर्षं कुणाला हात लावता आला नाही.

आता अशा वेळी माणसाच्या मनात पहिला विचार कुणाचा यावा? बहिणीचा? भाच्याच्या सोडलेल्या नोकरीचा? उद्या येणाऱ्या नांगराचा? छे. मातीसाहेबांनी आधी मागे वळून पाहिलं, की ड्रायव्हरने ऐकलं तर नाही ना. तो झोपला होता. मग ते मुलीला म्हणाले, "हे लगेच लिहायची घाई करू नकोस. आधी माझ्या बहिणीकडे जेवून घेऊ."

ताईचं घर दोन शेतं पलीकडे. बाहेरच्या खोलीत एक खाट, दोन खुर्च्या आणि समोरच्या भिंतीवर चौकटीतलं सतरा नंबर, उन्हाने हिरव्याचं पिवळं झालेलं. मातीसाहेब या घरी आजवर कार्याप्रसंगी तेवढे आले होते, या खुर्चीत बसले होते आणि इथूनच उठून गेले होते. मागच्या दाराने शेतात कधी गेले नव्हते. दारातून दिसणारं रान त्यांनी आज पहिल्यांदा नीट बघितलं. गुडघाभर धान्य, आणि खालच्या बांधाला लागून संत्र्याची पाच-सहा म्हातारी झाडं, एका ओळीत.

"ताई, बाकीची बाग?"

"चौथ्या वर्षीच गेली." ताई ताटं मांडत होती. सत्तरीची, ताठ, कमी बोलणारी.

"पाणी कमी पडलं असेल."

"असेल," ताई म्हणाली आणि मुलीच्या ताटात वाढायला वाकली.

एवढ्यात भाचा आला. हातात चुन्याची पिशवी. नांगर फिरायच्या आधीच, उभ्या धान्यात रोपांच्या ओळी आखून आला होता, एवढी घाई. "मामा! झाली ना सही? या आईला सांगा जरा. रोज तेच, इथे बाग येत नाही, इथे बाग येत नाही. मी म्हटलं, मामांपेक्षा तुला जास्त कळतं का?" आणि तो हसला, आणि मामाही हसेल म्हणून त्याच्याकडे बघत राहिला. या घरात मामा-भाच्याने ताईला हसणं हे काही नवीन नव्हतं.

मामाने पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. "यंदा थांब रे. पुढल्या वर्षी बघू."

"थांबू? का?"

"खात्याचं काहीतरी चाललंय. उपग्रह वगैरे. या लोकांना काही कळत नाही."

मुलगी जेवता जेवता थांबली. नुसतं त्यांच्याकडे बघितलं. ताईनेही बघितलं. ती तर अशी बघत होती, की हा आता काय म्हणणार हे तिला आधीपासूनच ठाऊक असावं आणि त्याची तिला थोडी किळसही यावी. मातीसाहेबांनी हातातला घास ताटात ठेवला.

"माती नाही तिथे," ते शेवटी म्हणाले. "वितभर आहे. मी खड्डे बांधाकडेला घेतले होते. नकाशा चुकला."

भाचा खो-खो हसला. "काय मामा! माती चांगली आहे, माणसं नालायक आहेत, हे लहानपणापासून ऐकत आलो तुमच्या तोंडून. आणि आता या बाईंनी चार गोष्टी भरवल्या तर लगेच पलटलात? वय झालं तुमचं. सही नका करू. रोपं मी विकत आणतो. नोकरी तर सोडून आलोय, आता काय बघत बसायचं?"

हसला तोही हुबेहूब मामासारखा, खुर्चीत मागे रेलून, दोन बोटांनी नाक चोळत. मातीसाहेबांनी आयुष्यभर हे दुसऱ्यांना केलं होतं. स्वतःला झालेलं पहिल्यांदाच अनुभवत होते. चांगलं झालं, असंच कुणालाही वाटेल.

ते उठले. ताटावरून तसेच. मुलीकडून गिरमिट मागून घेतलं आणि मागच्या दाराने ताईच्या शेतात उतरले. डोक्यावर ऊन, सहासष्ट वर्षांचे गुडघे, आणि कारकुनी झालेले हात. भाच्याने आखलेल्या चुन्याच्या पहिल्या खुणेवर त्यांनी गिरमिट टेकवलं. खर्र. दुसऱ्या खुणेवर. खर्र. तिसऱ्या खुणेपाशी त्यांना दम लागला आणि ते वाकून उभे राहिले, तेव्हा शेजारी कुणीतरी आलं. ताई होती. तिच्या हातात मुलीची वही आणि पेन.

"किती?" तिने विचारलं.

"एकवीस."

तिने लिहिलं. पुढे चालली. ते पिळत, ती लिहीत. तेवीस. अठरा. वीस. मुलीने मदत करू म्हटलं तर ताईने हाताने तिला थांबवलं. ताईच्या चेहऱ्यावर दया नव्हती. भावाचा घाम निथळत होता आणि ती पुढच्या आकड्याची वाट बघत उभी राहत होती. खालच्या बांधापाशी गिरमिट गपकन आत गेलं आणि जातच राहिलं. एकशे दहा. तेही तिने लिहिलं.

भाचा दारात उभा राहून बघत होता. आधी हसत, मग हाताची घडी घालून. तिसऱ्या ओळीला तो शेतात आला. आईच्या हातातली वही घेतली, वाचली. "तुम्ही मुद्दाम दगडावर लावताय," तो म्हणाला, पण आवाजात जीव नव्हता. त्याने मामाच्या हातून गिरमिट हिसकावलं, शेताच्या बरोबर मध्ये, आपल्या पसंतीची जागा निवडली आणि सगळं अंग टाकून पिळलं. तरणा हात. गिरमिट सतरावर थांबलं.

त्याने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग तो तिथेच धान्यात बसला. त्याला नोकरी आठवत असेल, नाहीतर उद्याचा नांगर. थोड्या वेळाने तो आईवर डाफरला. माणूस हरला की आईवरच डाफरतो.

"तुला माहीत होतं तर नीट सांगितलं का नाहीस? बाबांना सांगायचंस, यांना सांगायचंस! नुसतं येत नाही, येत नाही!"

"सांगितलं होतं," ताई म्हणाली. ती भावाकडे बघत नव्हती. "बाग गेली तेव्हा एक झाड उपटलं मी. त्याचं मूळ वितभर सरळ खाली गेलं होतं आणि तिथून काटकोनात आडवं वळलं होतं. जमिनीला टेकवलेल्या पायासारखं. मला वाटलं, भावाला मातीतलं कळतं, त्याला हे दाखवावं. ते मूळ पिशवीत घालून याच्या ऑफिसात गेले. दोन गाड्या बदलून. याच्या टेबलाभोवती चार माणसं होती. मी मूळ टेबलावर ठेवलं. याने बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, 'ही माझी बहीण. मी हिला दुसऱ्या वर्गाची जमीन काढून दिली आणि हिने झाडं मारून दाखवली.' सगळे हसले. मग म्हणाला, 'हे बाहेर टाक, टेबल घाण होतंय.'"

मातीसाहेबांना यातलं काहीही आठवत नव्हतं. त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. काटकोनात वळलेलं मूळ, त्यांच्याच टेबलावर! त्या एका मुळावरून त्यांनी सगळ्या शेताची खोली सांगितली असती. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ते जमलं असतं. पण त्यांना ते टेबल आठवेना, ती माणसं आठवेनात, बहीण आलेली आठवेना. अशी माणसं त्यांच्या टेबलाशी रोजच येत असत.

"तरी मला सांगायचं होतंस," भाचा म्हणाला.

"तुला काय सांगायचं? तू होतास की तिथे." ताईने वही मिटली. "नऊ वर्षांचा होतास. घरी कुणी नव्हतं म्हणून बरोबर नेलं होतं. याने तुला उचलून टेबलावर बसवलं होतं. सगळे हसले तेव्हा तूही हसलास. घरी येईपर्यंत गाडीत तेच बोलत होतास, 'आईने झाडं मारली, आईने झाडं मारली.' त्या दिवसापासून तू माझं काही ऐकून घेतलं नाहीस."

ती वही मुलीच्या हातात देऊन शेळ्यांकडे गेली. त्यांची पाण्याची वेळ झाली होती.

भाचा धान्यात बसून राहिला. बऱ्याच वेळाने त्याने खिशातून फोन काढला, नांगरवाल्याला लावला आणि उद्या येऊ नको म्हणून सांगितलं. का ते सांगितलं नाही. मग तो उठून आईच्या मागे गेला, पण गोठ्याच्या दारापर्यंतच. आत जायला त्याचा पाय उचलेना.

मातीसाहेबांनी फॉर्म मागितला. मुलीने कागदाखाली धरायला पाटी दिली. 'फेरसर्वेक्षण आवश्यक' या ओळीपुढे त्यांनी खूण केली. कारणाचा रकाना दोन ओळींचा होता. पहिल्या ओळीत त्यांनी लिहिलं: सर्व खड्डे बांधालगत घेतले. मुलीला वाटलं झालं, तिने हात पुढे केला. पण ते थांबले होते. मग छत्तीस वर्षांच्या त्या कोरड्या सरकारी अक्षरात त्यांनी दुसरी ओळ लिहिली:

स्थानिक माहिती मिळाली होती. घेतली नाही.

आणि खाली सही केली.